डोंगरवाटा चढू या, आपला मुलूख ओळखू या



वाणगाव स्टेशनाच्या फलाटावर पश्चिमेला तोंड करून उभे राहिले की सगळा मुलूख सपाट. मिरचीची शेते, ताडाची झाडे, पुढे खाजणे आणि शेवटी चिंचणी-तारापूरचा समुद्र. आता तोंड पूर्वेला फिरवा. निळ्या-जांभळ्या डोंगरांची ओळ दिसते. एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला डोंगर असा मुलूख फार थोड्या मुलांच्या वाट्याला येतो. तो आपल्या वाट्याला आला आहे.

पण त्या डोंगरांची नावे विचारा बरे कोणाला! वर्गात विचारले तर दोन-तीन हात वर होतात. मुंबईची माणसे सुट्टीच्या दिवशी पहाटे उठून, लोकल पकडून इकडे डोंगर चढायला येतात आणि आपण मात्र ते रोज लांबूनच पाहतो. काखेत कळसा नि गावाला वळसा, तसे झाले हे. म्हणून या अंकात डोंगरवाटांची माहिती देत आहोत.

हे डोंगर आले कुठून?

आपले डोंगर म्हणजे सह्याद्रीची पश्चिमेकडे पसरलेली पिल्ले. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला मोठमोठ्या भेगा पडून तप्त शिलारस बाहेर आला. तो पसरला, थंड झाला, त्याचा काळा खडक बनला. मग पुन्हा रस आला, पुन्हा थर बसला. आई तव्यावर एकावर एक घावन रचून ठेवते ना, तसे हे थर आहेत. काही थर टणक, काही ठिसूळ. ऊन-पावसाने ठिसूळ थर झिजतो आणि तिथे उतार तयार होतो. टणक थर झिजत नाही, त्याचा उभा कडा उरतो. म्हणून आपला डोंगर लांबून पाहिला तर पायऱ्या-पायऱ्यांचा दिसतो. खाली उतार, मग कडा, वर पुन्हा उतार आणि माथ्यावर सपाटी. हे एकदा कळले की डोंगर नुसता उंचवटा राहत नाही. पुस्तकासारखा वाचता येतो.

जमिनीच्या पोटातली उष्णता अजून संपलेली नाही, बरे का! पालघर तालुक्यात सातिवली, कोकनेर या गावांत गरम पाण्याचे झरे आहेत. पावसाचे पाणी भेगांतून खोल जाते, तिथे तापते आणि पुन्हा वर येते.

डोंगर आणि पाऊस

जूनमध्ये समुद्रावरून वारा येतो, तो ओला असतो. सपाटीवरून तो सरळ येतो, पण पुढे डोंगर आडवा आला की त्याला वर चढावे लागते. वर हवा थंड असते. दर हजार मीटरला साधारण सहा अंशांनी ती थंड होते. थंड हवेत वाफ मावत नाही, तिचे थेंब होतात आणि पाऊस पडतो. म्हणून किनाऱ्यावरच्या डहाणूपेक्षा डोंगरावरच्या जव्हारला पाऊस जास्त. तेच पाणी ओढ्यांतून, सूर्या नदीतून खाली येते. धामणीच्या धरणात अडते, पाटाने शेताला जाते, नळाने घरात येते. तुमच्या मिरचीच्या रोपाला घातलेले पाणी कधीतरी कुठल्या तरी डोंगराला अडलेला ढग होते!

पहिली वाट : वाघोबाची खिंड आणि काळदुर्ग

पहिल्यांदाच डोंगर चढणार असाल तर काळदुर्ग चांगला. वाणगावहून गाडीने बोईसर, उमरोळी, पालघर. पालघरला उतरून मनोरकडे जाणारी एस.टी. धरावी. रस्ता वळणे घेत चढू लागतो, दोन्ही बाजूंना रान दाट होते आणि वाघोबाची खिंड येते. पावसाळ्यात इथे धबधबा कोसळत असतो. माकडे तर बाराही महिने. त्यांना खाऊ देऊ नका. माणसाच्या हातचे खायची सवय लागली की ती रस्त्यावर येऊन बसतात आणि गाडीखाली सापडतात.

खिंडीत वाघोबाचे देऊळ आहे. वाघोबा हा रानाचा राखणदार, अशी आपल्या वारली बांधवांची श्रद्धा आहे. दिवाळीच्या तोंडावर वाघबारस येते, तेव्हा त्याची पूजा होते. ज्या जनावराची भीती वाटते त्यालाच देव मानून त्याच्याशी सलोख्याने राहायचे, हा केवढा शहाणपणा! या रानात आजही बिबट्या आहे. म्हणून एकट्यादुकट्याने आणि अंधारात जायचे नाही.

खिंडीतून वाट रानात शिरते. साग, ऐन, मोह, पळस यांची सावली असते. दम लागतो, घाम येतो, मध्येच वारा लागतो आणि बरे वाटते. दीड-दोन तासांत माथा येतो. माथ्यावर मोठा चौकोनी कातळ आहे. तोच काळदुर्गाची खूण, खालूनही ओळखू येतो. इथे तटबंदी नाही, बुरूज नाहीत. कातळात कोरलेल्या पायऱ्या आणि पाण्याची टाकी आहेत. हा किल्ला म्हणजे पहाऱ्याची जागा असावी. वर उभे राहिल्यावर त्याचे कारण आपोआप कळते. पश्चिमेला पालघर, पलीकडे समुद्र आणि पूर्वेला सूर्या नदीचे खोरे. कोणीही कुठूनही आले तरी ते दिसणारच!

उंचावरून किती लांबचे दिसते?

पृथ्वी गोल आहे म्हणून लांबची वस्तू तिच्या फुगवट्याआड जाते. आपण उंच गेलो की त्या फुगवट्यावरून पलीकडचे दिसू लागते. हिशोब सोपा आहे. आपल्या डोळ्याची समुद्रसपाटीपासूनची उंची मीटरमध्ये घ्या, तिचे वर्गमूळ काढा आणि साडेतीनने गुणा. येईल तितके किलोमीटर.

चिंचणीच्या वाळूत उभ्या असलेल्या लहान मुलाचा डोळा १ मीटर उंचीवर धरू. १ चे वर्गमूळ १. म्हणजे समुद्र दिसेल तो फक्त साडेतीन किलोमीटरपर्यंत. १०० मीटरच्या टेकडीवर गेलात तर १० गुणिले साडेतीन, म्हणजे ३५ किलोमीटर. ४०० मीटरच्या डोंगरावर २० गुणिले साडेतीन, म्हणजे ७० किलोमीटर! काळदुर्ग त्याहूनही थोडा उंच आहे. हवा मात्र स्वच्छ हवी. म्हणून पावसाळा सरल्यावरचे आणि थंडीतले दिवस उत्तम. जुन्या काळी शत्रूचे गलबत किनाऱ्याला लागण्याच्या कितीतरी आधी गडावरच्या पहारेकऱ्याला शीड का दिसे, ते आता समजले ना?

दुसरी वाट : अशेरी

अशेरीगड आपल्या भागातला मोठा आणि मानाचा किल्ला. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर मेंढवण खिंडीच्या अलीकडे खडकोणा गाव आहे, तिथून वाट जाते. चढ मोठा आहे. वर कड्यापाशी लोखंडी शिडी लावलेली आहे, तिथे एका वेळी एकानेच चढावे. घाई करू नये.

माथा चांगला ऐसपैस आहे. पाण्याची टाकी आहेत, गुहा आहे. एका दगडावर राजमुकुट कोरलेला दिसतो. आपल्या डोंगरावर हा मुकुट कोणाचा? तो पोर्तुगीजांचा. सोळाव्या शतकात त्यांनी हा गड घेतला. खालून जाणाऱ्या वाटेवर नजर ठेवायला ही जागा नामी. पुढे १७३७ ते १७३९ या काळात चिमाजी अप्पांची वसईची मोहीम झाली. त्या मोहिमेत उत्तर कोकणातले गड एकामागून एक मराठ्यांकडे आले, त्यांत अशेरीही आला. मे १७३९ मध्ये वसई पडली.

गडावरची टाकी नीट पाहा. कातळ फोडून दगड काढायचा, तो बांधकामाला वापरायचा आणि झालेल्या खड्ड्यात पावसाचे पाणी साठवायचे. एका कामात दोन कामे! काळ्या टणक खडकातून पाणी झिरपून जात नाही, म्हणून कडक उन्हाळ्यातही काही टाक्यांत पाणी राहते.

याशिवाय सफाळ्याजवळ तांदुळवाडीचा किल्ला आहे. तिथून वैतरणा नदी नागमोडी वळणे घेत जाताना दिसते. मनोर-वाडा रस्त्यावर कोहोज आहे. त्याच्या माथ्यावरचा खडक वाऱ्या-पावसाने असा झिजला आहे की लांबून माणूसच उभा वाटावा. आपल्या डहाणू तालुक्यात विवळवेढ्याचा महालक्ष्मीचा डोंगर आहे. चैत्र पौर्णिमेला तिथली जत्रा सुरू होते आणि डोंगरावर ध्वज चढतो. जत्रेला तर तुम्ही जाताच, आता डोंगरही नीट पाहा.

घाटातला प्रवास

चालवत नसेल त्यांच्यासाठी गाडीरस्त्यावरही गंमत आहे. कासा-जव्हार रस्त्याने एस.टी.च्या खिडकीत बसून जा. भातखाचरे खाली राहतात, वळणावळणाला दरी दिसते, हवा गार होते. पण काहींना घाटात मळमळते. असे का होते? आपल्या कानाच्या आत तोल सांभाळणारा अवयव असतो. वळणावर तो मेंदूला सांगतो, “आपण हलतो आहोत.” डोळे मात्र पुस्तकात किंवा मोबाईलमध्ये असले तर ते सांगतात, “आपण स्थिर आहोत.” दोघांचे भांडण आणि पोटाला शिक्षा! म्हणून पुढच्या बाकावर बसावे, लांबच्या डोंगराकडे पाहावे, भरपेट खाऊन निघू नये.

मोटारीने गेलात तर मागे बसणाऱ्यांनीही पट्टा लावायचा. ४ सप्टेंबर २०२२ रोजी चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर मोटारीला अपघात झाला. त्यात उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांचे एक सोबती दगावले. दोघेही मागे बसले होते आणि पट्टा लावलेला नव्हता. गाडी एकदम थांबते, पण आपले शरीर मात्र पहिल्याच वेगाने पुढे जाते. हा निसर्गाचा नियम आहे. तो गरीब-श्रीमंत पाहत नाही.

चढताना हे ध्यानात ठेवा

१. घरी आणि गुरुजींना सांगून, मोठ्या माणसांबरोबरच जावे. पाड्यावरचा वाटाड्या सोबत घ्यावा. त्याला वाट ठाऊक असते, वर रानाच्या चार गोष्टीही कळतात. त्याला त्याची मजुरी द्यावी.

२. सकाळी लवकर निघावे, सूर्य मावळण्याआधी खाली यावे. पाणी भरपूर, भाकरी, गूळ, शेंगदाणे बरोबर असावेत. पायात पकड असलेले बूट हवेत.

३. मोहोळ दिसले की आवाज, धूर, दगड काही नको. गुपचूप बाजूने जावे.

४. वीज चमकल्यावर आकडे मोजावेत. दर तीन सेकंदांना एक किलोमीटर धरावा. नऊ सेकंदांनी गडगडाट ऐकू आला तर वीज तीन किलोमीटरवर आहे. तेव्हा माथ्यावर किंवा एकट्या झाडाखाली थांबू नये, लगेच खाली उतरावे.

५. गवतात हात-पाय घालण्याआधी काठी आपटावी. साप चावलाच तर चिरू नये, करकचून बांधू नये, भगताकडे वेळ घालवू नये. हात-पाय न हलवता १०८ क्रमांकाच्या गाडीने सरकारी दवाखाना गाठावा. सापाच्या विषावर औषध तिथेच मिळते.

६. धबधब्याखालच्या डोहात उतरू नये. वर डोंगरात पाऊस झाला की खाली ऊन असतानाही लोंढा येतो.

डोंगर आपल्याला राखतात, आपण डोंगर राखू

डोंगरावर फक्त हिंडायला जाणारेच नसतात. पायथ्याच्या पाड्यांचा संसार त्यावर चालतो. पावसाच्या सुरुवातीला शेवळे, मग टाकळा, करटोली. उन्हाळ्यात मोहाची फुले, करवंदे, कुडाची पाने. गुरांचा चारा आणि विहिरीचा झराही तिथलाच. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांना वारली चित्रकलेसाठी २०११ साली पद्मश्री मिळाली. त्या चित्रांतले डोंगर, झाडे आणि तारप्याभोवती फेर धरलेली माणसे म्हणजे आपलाच हा मुलूख.

आता या डोंगरांना तीन गोष्टींची भीती आहे. पहिली वणव्याची. मार्च-एप्रिलमध्ये पालापाचोळा पेटवला की वारा तो डोंगरभर नेतो. लहान रोपे, अंडी, पिले जळतात आणि पहिल्याच पावसात उघडी माती वाहून जाते. मोहाखालची जागा पेटवण्यापेक्षा झाडूने लोटावी. दुसरी भीती कचऱ्याची. टाक्यात टाकलेली पिशवी वर्षानुवर्षे कुजत नाही आणि ते पाणी कोणीतरी पिणार असते. तिसरी भीती खाणीची. रस्ते, रेल्वे, घरे, बंदर यांना दगड लागतो, तो डोंगरातूनच निघतो. कामे होणारच. पण कुठला डोंगर फोडायचा आणि कुठला राखायचा, हे विचार करून ठरवायला हवे. झाड पुन्हा लावता येते, डोंगर पुन्हा लावता येत नाही. म्हणूनच केंद्र सरकारने १९९१ साली आपला डहाणू तालुका पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक म्हणून जाहीर केला. वाणगाव त्यातच येते.

ज्याचे नावच ठाऊक नाही त्याची काळजी कोण करणार? तेव्हा आधी नावे शिकू या.

करून पाहा : शाळेच्या मैदानातून पूर्वेकडे दिसणाऱ्या डोंगरांची बाह्यरेषा वहीत काढा. घरी आजोबांना, आजीला, गुराख्याला विचारून प्रत्येक डोंगराचे आणि सुळक्याचे नाव लिहा. एकाच डोंगराला दोन नावे मिळाली तर दोन्ही लिहा, आणि ती का पडली तेही विचारा. सगळ्यांची चित्रे जोडून पुढच्या भित्तिपत्रकात एक मोठा पट लावू. त्यात एकही डोंगर बिननावाचा राहता कामा नये!