तपासणीच्या खोलीतली दुसरी बाई

मागच्या महिन्यात रविवारच्या वंदनेनंतर विहारात एक ताई आमच्याजवळ थांबल्या. छातीत गाठ लागते म्हणून दवाखान्यात गेल्या होत्या. डॉक्टर पुरुष, आत दुसरी बाई नाही. "पाठ दुखते म्हणून सांगितलं आणि गोळ्या घेऊन आले," म्हणाल्या.

चूक ताईंची नाही. पुरुष डॉक्टर बाईला तपासत असेल तर तिथे दुसरी स्त्री हजर असावी, हा रुग्णाचा हक्क आहे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या २०१८ च्या रुग्णहक्क सनदेत तो आहे. २०२१ मध्ये राज्य सरकारने नर्सिंग होमच्या नियमांतही तो घेतला. मग बाई का नसते? कारण तिला पगार द्यावा लागतो.

हिशेब करून बघा. ओपीडीत पंधरा बायका, एकीला आठ मिनिटे, म्हणजे दोन तास. ते कोणाच्या कामातून काढायचे? आम्ही नोकरीत होतो तेव्हा आमच्याच कामातून निघत. "सिस्टर, आत या" अशी हाक आली की हातातले ड्रेसिंग अर्धे सोडून पळायचे आणि बाहेर इंजेक्शनची रांग आमच्यावर ओरडायची. वस्तीतल्या छोट्या दवाखान्यात तर कंपाउंडर पुरुष, मावशी झाडू मारून केव्हाच गेलेली. वेगळी बाई ठेवली तर फी वाढणार.

मग हा खर्च आपल्याच घरावर येतो. शेजारणीला सोबत न्यायचे तर दोघींचा खाडा. सासूला न्यायचे तर तिच्यासमोर अंगावरून पांढरे जाते हे बोलायचे कसे? घरचे माणूस धीर देते, पण तपासणी कशी होते हे सिस्टरला ठाऊक असते. वावगे झाले तर तिला लगेच कळते. (तीही तिथलीच नोकर, हे खरे.) कोण हवे ते तुम्ही ठरवा.

लहान मुलीवर अत्याचार झाला असेल तर २०१२ चा पोक्सो कायदा कडक आहे. तिला स्त्री डॉक्टरनेच तपासायचे, आईवडील किंवा मुलीच्या विश्वासाचे माणूस जवळ हवे. ते येऊ शकत नसतील तर रुग्णालयाच्या प्रमुखाने बाई नेमून द्यायची. तिथे कायद्याने ही जबाबदारी रुग्णालयावरच टाकली आहे.

राजावाडी असो की भगवती, आत जाण्याआधीच सांगा, "सिस्टर आल्यावर तपासा." ऐकले नाही तर वैद्यकीय अधीक्षकांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तपासणी टाळून मात्र घरी येऊ नका.

ताईंबरोबर सोमवारी आम्हीच पालिकेच्या दवाखान्यात गेलो. सिस्टर यायला पाऊण तास लागला. गाठ तपासली, सोनोग्राफीची चिठ्ठी मिळाली. ताईंचा त्या दिवसाचा खाडा मात्र झालाच.