कावळ्याला फसवणारा कावळा

पाखरांना भिववण्यासाठी मनुष्याने शेतात बुजगावणे उभे केले हे सर्वांनाच ठाऊक आहे. परंतु पाखरांना जवळ बोलावण्यासाठीही तो फार पूर्वीपासून बाहुली घडवीत आला आहे, याची जाणीव शिकारी लोक सोडले तर फारशी कोणाला नसते. अमेरिकेतील नेवाडा राज्याच्या लव्हलॉक गुहेत १९२४ साली उत्खनन झाले, तेव्हा लव्हाळ्याच्या काड्या वळून बांधलेली ११ बदके हाती लागली. त्यांतील काही रंगवलेली होती, काहींना पिसे लावलेली होती, आणि त्यांचे वय सुमारे दोन हजार वर्षांचे निघाले. पुढे गोऱ्या शिकाऱ्यांनी ही बदके लाकडात कोरली, आणि आज त्यांतील उत्कृष्ट नमुने धनिक संग्राहकांच्या काचेच्या कपाटांत मानाने विराजमान झाले आहेत. मला येथे परिचय करून द्यायचा आहे तो मात्र याच घराण्यातील एका काळ्या, दरिद्री आणि कपाटात कधी न बसलेल्या वंशजाचा: अमेरिकेतील कावळ्यांचे शिकारी घरच्या अडगळीतून, जवळजवळ फुकटात, जो नकली कावळा तयार करतात त्याचा.

तिकडच्या कास्तकाराचे कावळ्याशी वैर पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे. मक्याचा कोवळा कोंब उपटून मुळाचा दाणा खाणे आणि रानबदकांची अंडी लांबवणे, हे त्याच्यावरील दोन मुख्य आरोप. आणि या आरोपांची रुजुवात करण्याच्या भरीस न पडता १९३० च्या दशकात इलिनॉय, ओक्लाहोमा अशा मुलखांत कावळ्यांच्या रात्रीच्या वस्तीच्या झाडांत सुरुंग लावून ते हजारोंनी उडवण्यापर्यंत मजल गेली होती. बर्ट पोपोव्स्की या लेखकाने १९४६ साली केवळ कावळ्याच्या शिकारीवर एक स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला, यावरून या छंदाने केवढे मूळ धरले होते ते ध्यानी यावे. १९७२ साली मेक्सिकोशी असलेल्या पक्षिविषयक तहात दुरुस्ती होऊन कावळ्याला संघराज्याच्या कायद्याचे संरक्षण मिळाले. तेव्हापासून कोणत्याही राज्याला वर्षातून १२४ दिवसांपेक्षा अधिक मुदतीची शिकार मंजूर करता येत नाही, ऐन विणीच्या हंगामात ती बंद ठेवावी लागते, आणि विमानातून कावळे मारण्यास सक्त मनाई आहे.

इलिनॉयमधील हेन्री गावचा चार्ल्स पर्ड्यू हा या क्षेत्रातील नामांकित कारागीर. त्याने लाकडाचे कावळे कोरले, तोंडाने वाजवून कावळ्याचा आवाज काढण्याच्या पिपाण्या केल्या, आणि त्याच्या हातची वस्तू आज हौशी लोक मोठ्या किमतीला घेतात. परंतु शेताच्या बांधावर मांडायला डझन-दोन डझन कावळे लागतात, आणि ते चिखलात पडणार, छऱ्यांनी चाळण होणार. तेथे पर्ड्यूचे लाकूड कोणाला परवडावे? म्हणून घरगुती कसबाचा उदय झाला.

त्यातील सर्वांत सोपा प्रकार म्हणजे पातळ प्लायवुडातून करवतीने कापलेली निव्वळ बाह्याकृती. चोचीपासून शेपटीपर्यंत हातभर लांबी ठेवावी, पोटाखाली जाड तारेचा खुंटा ठोकावा आणि सर्वांगाला काळा रंग द्यावा, की कावळा झाला. याचा दोष उघड आहे: बाजूने पाहिले तर पक्षी, समोरून किंवा वरून पाहिले तर नुसती रेघ. म्हणून जाणते लोक अशा आकृत्या निरनिराळ्या दिशांना तोंडे करून रोवतात, म्हणजे उडत्या कावळ्याला एक दिसेनाशी झाली की दुसरी दिसू लागते. दुसरा प्रकार अंगाने भरीव. रिकामी प्लॅस्टिकची बाटली हे धड, थर्मोकोलचा तासलेला गोळा किंवा खळीत कालवलेल्या कागदाच्या लगद्याचे डोके, लाकडाच्या ढलपीची चोच, पुठ्ठ्याची शेपटी, वाऱ्याने कलंडू नये म्हणून पोटात मूठभर वाळू, आणि या सगळ्या विजोड संसारावर ओढलेला एक जुना काळा पायमोजा. त्या मोज्यातच या कारागिरीचे मर्म आहे. गुळगुळीत प्लॅस्टिकवर कितीही काळा रंग फासला तरी उन्हात त्यावर पांढरी तिरीप चमकते, पहाटेचे दव पडले की ती दुणावते, आणि ती एक तिरीप दिसली की आकाशातला कावळा दुरूनच वळण घेऊन निघून जातो. कापडाचा खरखरीत पृष्ठभाग मात्र प्रकाश गिळून टाकतो. ज्यांच्यापाशी मोजे नाहीत ते बिनचकाकीचा रंग वापरतात, किंवा ओल्या रंगावर लाकडाचा बारीक भुसा भुरभुरवून वरून पुन्हा रंग देतात. डोळे, नखे, पिसांच्या रेघा यांवर श्रम करणारा मनुष्य, माझ्या मते, आपल्या समाधानासाठी श्रम करतो. कावळ्याला त्यांचे सोयरसुतक नसते.

कारण कावळा पाहतो तो एकेका कावळ्याचे रूप नव्हे, तर समुदायाची वागणूक. चरणारा थवा दाखवायचा असेल तर बाहुली विरळ मांडून त्यांची तोंडे साधारणतः वाऱ्याकडे करावी लागतात, आणि एक पहारेकरी आजूबाजूच्या सर्वांत उंच निष्पर्ण झाडावर दोरीने चढवावा लागतो. पहारेकऱ्यावाचून जेवणारी पंगत कोणा शहाण्या कावळ्याला खरी वाटत नाही. कलहाचा देखावा करायचा असेल तर कागदाच्या लगद्याचे एक शिंगाळे घुबड, पिवळ्या डोळ्यांचे, खांबावर बसवून भोवती कावळे मांडतात. रात्री झोपेत येऊन मारणाऱ्या या वैऱ्याचा दिवसा सूड घेण्याची संधी कावळे सहसा दवडत नाहीत, आणि पिपाणीतून भांडणाचा गिल्ला ऐकू आला की ते सावधपणा विसरून धावत येतात.

तथापि हा विजय अल्पकाळचा असतो. सिॲटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या जॉन मार्झलफ यांनी २००६ साली एक विशिष्ट मुखवटा चढवून काही कावळे पकडले व सोडून दिले. पुढे कित्येक वर्षे तो मुखवटा घालून कोणी त्या आवारात फिरला की कावळे त्याच्यावर तुटून पडत, आणि ज्यांना कधी पकडलेच नव्हते तेही त्या ओरडण्यात सामील होत. अशा स्मरणशक्तीच्या पक्ष्यापुढे एकाच बांधावर तीच बाहुली पुनःपुन्हा मांडण्यात अर्थ नसतो. बाहुली स्वस्तात करण्याचे खरे कारण गरिबी नसून हे असावे, असे मला वाटते: जी युक्ती थोडक्या दिवसांत शिळी होणार, तिच्यावर पैसा ओतणे शहाणपणाचे नव्हे.

हाताने केलेला कावळा आपल्याकडेही आहे, आणि तो कोणाला मारण्यासाठी नाही. दशक्रियेच्या दिवशी पिंडाला काकस्पर्श होईना, विनवण्या करून आप्तेष्ट थकले आणि ऊन डोक्यावर आले, की गुरुजी दर्भाचा कावळा करून तो पिंडाला लावतात. अमेरिकेतील कावळा खऱ्या कावळ्याला बोलावतो. आपला दर्भाचा कावळा, न आलेल्या कावळ्याचे काम स्वतःच उरकतो. कारागिरीच्या दृष्टीने दर्भाचा कावळा अगदीच ओबडधोबड, परंतु त्यालाही कोणी डोळे काढल्याचे ऐकिवात नाही.

आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने कावळ्याला उपद्रवी प्राण्यांच्या पाचव्या अनुसूचीत उंदराच्या पंक्तीला बसवले होते. २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच काढून टाकली, आणि १ एप्रिल २०२३ पासून ती दुरुस्ती अंमलात आहे. तेव्हा कोणा हौशी वाचकाला बाटली, वाळू आणि जुना मोजा घेऊन या कसबाची परीक्षा पाहावीशी वाटली, तर त्याने ती आपल्या गच्चीवर दुर्बीण घेऊन जरूर पाहावी. बंदुकीचे तेथे काही काम नाही.