उरलेली खिचडी आणि गांडुळं

शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम तांदूळ धरलेला असतो, सहावी ते आठवीला १५०. ताटात उरतं थोडंच, पण भाज्यांची देठं, साली आणि आवारातला पालापाचोळा धरला तर खालापूर-कर्जतच्या शाळांतून गांडूळखताचा वाफा सहज चालेल.

इथल्या मातीला गांडुळांचं महत्त्व नव्यानं सांगायला नको. कर्जत तालुक्यातल्या नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी रुजवलेल्या ‘सगुणा राइस तंत्रा’त भात कापल्यावर नांगर फिरवत नाहीत. जमिनीत कुजणाऱ्या मुळांवर गांडुळं पोसली जातात.

वाफ्यासाठी मात्र शेतातली गांडुळं उचलून आणून भागत नाही. त्यांतली बरीचशी माती खाणारी, खोल राहणारी. कचऱ्यावर जगते ती ‘आयसेनिया फेटिडा’, तांबूस, बोटाएवढी. एक किलो गांडुळं दिवसाला साधारण अर्धा किलो ओला कचरा फस्त करतात.

तळाशी नारळाच्या शेंड्या, वर अर्धवट कुजलेलं शेण. ताजं शेण तापतं आणि गांडुळं मरतात. मीठ-तेलाची खिचडी मूठभरच, तीही पाल्यात मिसळून. इथल्या धुवाधार पावसात वर पत्रा हवाच. वाफा पायांच्या टाकीत केला असेल, तर मुंग्या चढू नयेत म्हणून पायांखाली पाण्याच्या वाट्या.

दीड-दोन महिन्यांत चहाच्या भुकटीसारखं खत तयार होतं. पाणी बंद करून त्याचा उजेडात ढीग लावला, की गांडुळं आपसूक तळाशी जातात. वरचं खत चाळायचं आणि परसबागेतल्या वांगी-मिरचीला घालायचं.