वायफाय वरच्या मजल्यावर, वायर भिंतीत

मंडळी, लक्ष्मीपूजनाला इथे अल्फारेटात सकाळचे आठ वाजतात, तेव्हा पुण्यात संध्याकाळचे साडेपाच. आपली घड्याळं मागे गेली असतील तर साडेसहा. तिकडे आरती सुरू होते आणि इकडे बेसमेंटमध्ये आई-बाबांसमोरचं चित्र गोठतं. राउटर वरच्या मजल्यावर, मधे छत, भिंती आणि हीटिंगचे पत्र्याचे डक्ट. पत्र्यातून वायफाय जात नाही.

आता भिंतीकडे बघा. आपल्या भागातल्या अनेक घरांत बांधतानाच इथरनेटच्या वायरी घातलेल्या असतात. त्यांची टोकं क्लोजेट किंवा बेसमेंटमधल्या एका पेटीत येतात. राउटर अशा सॉकेटजवळ असेल, तर त्यातून सरळ वायर जोडा आणि पेटीत एक स्विच बसवा. यापेक्षा चांगला उपाय नाही.

पण बेसमेंट भाड्याने घेतलंय, इंटरनेट घरमालकांचं आणि तुमच्या हाती फक्त पासवर्ड, असं असेल तर? मग ‘वायरलेस ब्रिज’ करा. ब्रिज मोड असलेला छोटा राउटर फोनसारखा हवेतून वायफाय घेतो आणि वायरीतून पुढे देतो.

ब्रिज पेटीत ठेवू नका, तिथे सिग्नल पोचणार नाही. जिन्यापाशी, जिथे फोनवर सिग्नल चांगला दिसतो, तिथे ठेवा आणि जवळच्या सॉकेटमध्ये वायर लावा. त्याच वायरीने इंटरनेट पेटीतल्या स्विचपर्यंत जाईल आणि तिथून सगळ्या खोल्यांत.

तीन गोष्टी सांभाळा. पहिली, ब्रिज मोडमध्ये आयपी पत्ते वाटण्याचं काम, म्हणजे डीएचसीपी, मुख्य राउटरकडेच राहू द्या. दुसरी, ब्रिज चालू असताना मुख्य राउटरची वायरही त्याच स्विचला जोडू नका. फेरा तयार होऊन सगळं नेटवर्क ठप्प होऊ शकतं. तिसरी, ब्रिज वेग वाढवत नाही. हवेतून जेवढं येईल, तेवढंच वायरीत जाईल.

वायफाय दोन कुटुंबांत वाटलेलं असेल, तर तुमचा प्रिंटर आणि फोटो वेगळे ठेवणंही महत्त्वाचं. त्यासाठी ब्रिजऐवजी ‘विस्प’ मोड निवडा; तुमच्या राउटरमागे तुमचं स्वतंत्र नेटवर्क तयार होतं. काही ऑनलाइन खेळ मात्र यात अडखळतात, हे मुलांना आधीच सांगा. आणि घरमालकांना विचारल्याशिवाय काहीच जोडू नका. घराबाहेरच्यांना कनेक्शन वाटायला कंपनीची परवानगी आहे का, हेही करारात बघायला सांगा.

मुलांनो, हे काम तुम्ही अंगावर घ्या. धनत्रयोदशीच्या आधी करा, म्हणजे चाचणीला वेळ मिळेल. पेटीच्या झाकणावर आतून कोणती वायर कुठल्या खोलीची ते मराठीत लिहून ठेवा: आजीची खोली, देवघर, बाबांचं टेबल. तुम्ही कॉलेजला गेल्यावर आजोबांना ती यादी वाचता आली पाहिजे.