संशयाचं पेव

आमचं खंडाळा लोणावळ्याशेजारचं नव्हे, हे दर वेळी सांगावं लागतं. पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकीचा घाट लागायच्या आधीचं, ते आमचं. घाट ओलांडून सातारा, कराड करत सांगलीला उतरलं की शहराला लागूनच हरिपूर आहे. कृष्णा-वारणेचा संगम, संगमेश्वराचं देऊळ आणि जमिनीखाली हळदीची पेवं. गोविंद बल्लाळ देवल या गावचे, जन्म 13 नोव्हेंबर 1855. नवराबायकोतल्या संशयावर त्यांनी आधी एक शोकांतिका लिहिली आणि मग एक प्रहसन. दोन्हींमध्ये अवघं तीन वर्षांचं अंतर आहे. मला ओढ लागली ती या तीन वर्षांची.

शोकांतिका म्हणजे ‘झुंझारराव’, 1890 सालची. शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’चं हे मराठी रूप. ‘ऑथेल्लो’ मराठीला तेव्हा नवा नव्हता. महादेवशास्त्री कोल्हटकरांनी त्याचं भाषांतर 1867 मध्येच केलं होतं. देवलांनी मात्र माणसंच मराठी केली. ऑथेल्लोच्या बायकोची, डेस्डिमोनाची, कमळजा झाली, त्याचे कान भरणाऱ्या इयागोचा जाधवराव झाला. शाहूनगरवासी नाटक मंडळीच्या गणपतराव जोश्यांनी झुंझारराव गाजवला. शाहूनगर म्हणजे आमचा सातारा. हरिपूरच्या लेखणीतून उतरलेला व्हेनिसचा सेनापती साताऱ्याचं नाव लावणाऱ्या मंडळीबरोबर गावोगाव हिंडला, याचं मला अजून नवल वाटतं.

मूळ गोष्ट शेक्सपिअरचीही नाही. चिंथिओ नावाच्या इटालियन लेखकाच्या 1565 सालच्या कथासंग्रहात ती आहे आणि वाचताना अंगावर काटा येतो. तिथला ध्वजाधिकारी, म्हणजे पुढचा इयागो, डेस्डिमोनावर भाळलेला आहे. ती दाद देत नाही म्हणून सूड घेतो. त्याची तीन वर्षांची मुलगी डेस्डिमोनाची लाडकी. तो लेकराला तिच्या मांडीवर देतो आणि ती त्याला जवळ घेत असताना तिच्या कमरेचा रुमाल हळूच काढून घेतो. शेवटी तो आणि तिचा नवरा मिळून वाळू भरलेल्या मोज्याने तिला ठेचतात आणि अपघात वाटावा म्हणून वर छत पाडतात. ही वर्तमानपत्रात आतल्या पानावर यावी तशी बातमी आहे. शेक्सपिअरच्या नाटकाचा 1604 च्या नोव्हेंबरात लंडनच्या राजवाड्यात प्रयोग झाला. त्यात मोजा नाही, छत नाही, लेकरूही नाही. रुमाल तेवढा राहिला.

तो रुमाल उचलते कोण? इयागोची बायको एमिलिया. तो नवऱ्याला कशासाठी हवा, हे तिला ठाऊक नाही. घरात बरेच दिवस मागणी चालली होती, म्हणून देऊन टाकते. ऑथेल्लो-डेस्डिमोनाच्या संसाराचं आपण एवढं बोलतो, की त्याच नाटकातला हा दुसरा संसार नजरेतून सुटतो. आपल्या बायकोचं ऑथेल्लोशी काही असावं, असा वहीम इयागोलाही आहे. खरं-खोटं बघायची त्याला गरज वाटत नाही. अखेरीस सगळं उघड करते ती एमिलियाच, आणि तोंड उघडलं म्हणून नवऱ्याच्या हातून मरते. नाटकभर बायकोने दगा दिला, दगा दिला असा घोष चालतो; प्रत्यक्षात एकाही बायकोने नवऱ्याला फसवलेलं नाही.

‘झुंझारराव’नंतर तीन वर्षांनी, 1893 मध्ये, देवलांनी ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ लिहिलं. याचा प्रवासही लांबचा. मोलिएरचं 1660 चं छोटं प्रहसन, त्यावरून आर्थर मर्फीने 1761 मध्ये केलेलं इंग्रजी नाटक, आणि त्यावरून हे. पुढे पदं घालून त्याचं ‘संगीत संशयकल्लोळ’ झालं आणि 1916 मध्ये गंधर्व नाटक मंडळीने ते रंगभूमीवर आणलं. देवल त्याच वर्षी 14 जूनला गेले होते.

कथानक आपल्याला पाठच आहे. भोवळ आलेल्या रेवतीला फाल्गुनराव सावरतो आणि ते नेमकं त्याची बायको कृत्तिका पाहते. रेवतीच्या हातून पडलेली तिच्या प्रियकराची, अश्विनशेठची, तसबीर कृत्तिकेला सापडते. ती तसबीर निरखते आहे, हे फाल्गुनराव पाहतो. झालं! तिकडे अश्विनशेठलाही रेवतीचा संशय. ती गाणाऱ्या नायकिणीच्या घरातली, त्यामुळे तिच्यावर संशय घ्यायला लोकांना पुरावाही लागत नाही. महिन्यांची आणि नक्षत्रांची नावं धारण केलेली ही मंडळी तीन तास एकमेकांवर डोळे वटारत फिरतात.

आता रुमाल आणि तसबीर शेजारी ठेवून पाहा. दोन्ही वस्तू हातात मावणाऱ्या, दोन्ही चुकीच्या हाती पडलेल्या, दोन्हींवरून बायकोच्या चारित्र्याचा निकाल. एकीकडे बायकोचा जीव जातो आणि दुसरीकडे आपण खुर्चीत हसून लोळतो. असं का व्हावं? फाल्गुनराव झुंझाररावाहून शहाणा आहे म्हणावं, तर तसं मुळीच नाही. डोक्याने तो जास्तच हलका. पण त्याच्या पोटात काही राहत नाही. संशय आला की तो बडबडतो, भादव्या गड्याला पिडतो, बायकोला तोंडावर विचारतो. आणि कृत्तिका ऐकून घेणारी नाही. तिचाही नवऱ्यावर तितकाच संशय आहे, त्यामुळे एकाला दोन उत्तरं तयार. घरात अखंड भांडण चालू राहतं, आणि भांडणामुळे सगळे घोटाळे शेवटी एका खोलीत गोळा होतात.

ऑथेल्लो आपला संशय बोलतो तो इयागोशी. बायकोपाशी नुसता रुमाल मागतो, डोकं दुखतंय म्हणतो, चारचौघांत तिच्यावर हात टाकतो. कोणाबद्दल आणि काय, ते नीट सांगत नाही. ज्याच्यावरून संशय, त्या कॅसिओचीच ती रदबदली करत राहते. तिच्या प्रत्येक शब्दाने फास आवळतो आणि तिला त्याचा पत्ताच नाही.

  

देवलांच्या हरिपुरात गेल्यावर मला पेवही बघायचं होतं. ‘पेव फुटलं’ असं आपण उठता-बसता म्हणतो, पण पेव पाहिलेले किती? तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, खाली पोट रांजणासारखं फुगलेलं. हळद भरली की पाला, माती घालून तोंड बंद. कीड लागत नाही, वर्षानुवर्षं माल टिकतो. 2005 च्या महापुरात मात्र पाणी शिरून बरीच पेवं गेली. ज्यांनी दाखवलं ते वयस्कर हमाल होते, हातांच्या रेघांत पिवळेपणा कायमचा मुरलेला. तोंड उघडल्यावर लगेच कोणी आत उतरत नाही म्हणाले. आतली हवा जीव घेते. आधी दिवा सोडायचा.

शेवटच्या प्रवेशात ऑथेल्लोही हातात दिवा घेऊनच शयनगृहात येतो. सगळा आरोप बायकोला तेव्हा पहिल्यांदा धडपणे ऐकू येतो. त्या कॅसिओला बोलावून विचारा तरी, असं ती म्हणते. त्याचं तोंड कायमचं बंद करायची व्यवस्था तोवर झालेली असते, निदान नवऱ्याची तशी समजूत असते.

‘‘आणि दिवा विझला तर?’’ मी हमालमामांना विचारलं.

‘‘इझला तर थांबायचं की. वारं जाऊ द्यायचं आत. पेव काय पळून जातंय व्हय?’’