पोरगा भारी, पण टीम हरतेय: नव्या माणसाची पारख करायची कशी?



धंद्यात पहिला माणूस पगारावर ठेवला की तीन-चार महिन्यांत एक प्रश्न हमखास डोकं वर काढतो. "पोरगा हुशार आहे, धावपळ करतो, गिऱ्हाईकही खूश आहे. पण गल्ला काही वाढला नाही. आता याचं काय करू?" पगार वाढवायचा, काढून टाकायचा, की अजून काम त्याच्याच अंगावर टाकायचं?

या प्रश्नासाठी आज आपण जरा लांब जाणार आहोत, थेट अमेरिकन फुटबॉलमध्ये. कारण तिथे प्रत्येक खेळाडूच्या प्रत्येक धावेचा हिशोब लिहिलेला असतो आणि तो सगळ्यांना बघायला मिळतो. आपल्या दुकानात असा हिशोब कुणी ठेवत नाही, म्हणून आपली पारख चुकते. खेळ माहीत नसला तरी काळजी करू नका, दोन मिनिटांत समजेल.

आधी खेळ समजून घेऊ

हा लंबगोल बॉलचा खेळ. एका बाजूला अकरा जण. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. जमलं तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात. क्वार्टरबॅक हा टीमचा सूत्रधार. तो एकतर बॉल लांब फेकतो, नाहीतर रनिंग बॅकच्या हातात देतो. रनिंग बॅक बॉल छातीशी धरून माणसांच्या गर्दीत घुसतो. आणि त्याच्यासाठी वाट कोण करून देतं? समोर उभे असलेले पाच धिप्पाड गडी. त्यांना आपण 'पुढची फळी' म्हणू. त्यांच्या हातात सहसा बॉल येत नाही, टीव्हीवर त्यांचं नाव क्वचित ऐकू येतं. पण त्यांनी फट पाडली नाही, तर मागचा कितीही चपळ असो, भिंतीवरच आदळणार.

आता यात आपल्या धंद्यातला सेल्समन कोण आणि पुढची फळी कोण, याचा विचार डोक्यात सुरू ठेवा.

गोष्ट सेक्वॉन बार्कलीची

न्यूयॉर्क जायंट्स ही नावाजलेली टीम. २०१७ च्या सीझनमध्ये तिने १६ पैकी फक्त ३ सामने जिंकले. एनएफएलमध्ये नवे खेळाडू निवडताना कमकुवत टीमला आधी संधी मिळते. त्यामुळे २०१८ मध्ये जायंट्सचा नंबर दुसरा होता. त्यांनी पेन स्टेट विद्यापीठाचा रनिंग बॅक सेक्वॉन बार्कली निवडला. चार वर्षांचा करार, रक्कम सुमारे ३ कोटी १२ लाख डॉलर.

पोरानं पहिल्याच वर्षी काय केलं बघा. २६१ वेळा बॉल घेऊन १,३०७ यार्ड धावला. ९१ झेल घेतले, पहिल्या वर्षाच्या रनिंग बॅकसाठी तो विक्रम होता. धावणं आणि झेल मिळून २,०२८ यार्ड, त्या वर्षी संपूर्ण लीगमध्ये सगळ्यात जास्त. त्या वर्षीचा सर्वोत्तम नवा आक्रमक खेळाडूही तोच ठरला.

आणि टीम? ५ जिंकल्या, ११ हरल्या.

आता मला सांगा, तुम्ही जायंट्सचे मालक असता तर काय म्हटलं असतं? एक जण म्हणेल, "एवढे पैसे घातले, उपयोग काय झाला?" दुसरा म्हणेल, "पोरगा हिरा आहे, सगळं त्याच्यावरच उभं करू." दोघेही घाई करतायत. पारख करायची तर चार गोष्टी बघायला लागतात.

१) सरासरी फोडून बघा

बार्कलीचा पहिलाच सामना जॅक्सनव्हिलविरुद्ध होता. १८ धावा, १०६ यार्ड. एका धावेमागे जवळजवळ सहा यार्ड, म्हणजे झकास सरासरी. पण त्यातली एकच धाव ६८ यार्डांची होती. ती बाजूला काढा. उरल्या १७ धावा आणि ३८ यार्ड. सरासरी सव्वादोनच्या आसपास! आणि सामना जायंट्स २०-१५ असा हरले.

यातून दोन गोष्टी कळतात आणि दोन्ही खऱ्या आहेत. एक, जराशी फट मिळाली तर हा पोरगा ६८ यार्ड पळू शकतो. दोन, सतरा वेळा त्याला फटच मिळाली नाही. सरासरीनं ही दुसरी गोष्ट झाकून टाकली होती.

तुमच्याकडेही असंच होतं. सेल्समननं महिन्यात दीड लाखाची विक्री आणली. वा! पण त्यातले लाखभर रुपये एकाच लग्नाच्या ऑर्डरचे असतील तर? मग बाकीचे एकोणतीस दिवस काय झालं, ते बघायलाच हवं.

२) काम जास्त होतंय ते कुणामुळे?

दुसऱ्या सामन्यात डॅलसविरुद्ध बार्कलीनं तब्बल १४ झेल घेतले. आकडा ऐकून वाटतं, काय पोरगा आहे! पण त्या १४ झेलांतून मिळाले ८० यार्ड, म्हणजे एका झेलामागे सहाहूनही कमी. क्वार्टरबॅक इलाय मॅनिंगवर प्रतिस्पर्धी सतत धावून येत होते, लांब बघायला त्याला वेळच मिळत नव्हता. मग काय, जवळ उभ्या असलेल्या पोराकडे बॉल टाकून द्यायचा. हाही सामना हरले, २०-१३. त्या पूर्ण सीझनमध्ये मॅनिंगला बॉल हातात असतानाच ४७ वेळा पाडलं गेलं.

म्हणजे ९१ झेलांच्या विक्रमात पोराचं कौतुक आहेच, पण टीमची अडचणही त्यात लिहिलेली आहे. छोट्या धंद्यात हे रोज दिसतं. नवा पोरगा डिलिव्हरी करतो, बिलं करतो, फोन घेतो, सुट्टीच्या दिवशीही येतो. मालक अभिमानानं सांगतो, "सगळं तोच बघतो!" अहो, सगळं तोच बघतोय म्हणजे बाकी काहीतरी बंद पडलंय. ते आधी शोधा.

३) त्याच्या हातात काय होतं, काय नव्हतं?

ही पारखेची खरी जागा आहे. फट पडणं बार्कलीच्या हातात नव्हतं. मॅनिंगचं वय, म्हणजे ३७, हेही नव्हतं. मग त्याच्या हातात काय होतं? बॉल नीट धरणं. त्या वर्षी धावा आणि झेल धरून त्यानं ३५२ वेळा बॉल हाताळला आणि एकदाही तो हातातून निसटू दिला नाही. समोरच्याला चकवणं, पहिला धक्का बसल्यावरही दोन पावलं पुढे पडणं, हरत असतानाही तेवढ्याच जोरात धावणं, हे त्याच्या हातात होतं आणि तो ते करत होता.

वहीत दोन रकाने करा. डावीकडे, जे फक्त त्या माणसावर अवलंबून आहे: वेळेवर येणं, हिशोब न चुकणं, गिऱ्हाईकाशी बोलणं, एकदा सांगितलेलं लक्षात ठेवणं. उजवीकडे, जे तुमच्यावर अवलंबून आहे: माल वेळेत असणं, दर ठरलेला असणं, गाडी चालू असणं, जाहिरात. माणसाला मार्क द्यायचे ते फक्त डाव्या रकान्यावर. उजव्या रकान्याचे मार्क तुमचे.

४) तो घेतला ते योग्य वेळी घेतला का?

आता जरा कडू भाग. पोरगा चांगला असणं आणि त्याला घेण्याचा निर्णय चांगला असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

त्याच २०१८ च्या निवडीत सहाव्या नंबरवर इंडियानापोलिस कोल्ट्सनं क्वेंटन नेल्सन नावाचा गार्ड घेतला, म्हणजे पुढच्या फळीतला गडी. कोल्ट्स आदल्या वर्षी ४ जिंकून १२ हरले होते, त्या वर्षी १० जिंकून ६ हरले. अर्थात सगळं श्रेय नेल्सनला देऊ नका. त्यांचा क्वार्टरबॅक अँड्र्यू लकही दुखापतीतून त्याच वर्षी परत आला होता. तिकडे क्लीव्हलँडनं ३५ व्या नंबरवर निक चब हा रनिंग बॅक घेतला. त्याचीही पहिल्या वर्षाची सरासरी धावेमागे ५.२ यार्ड होती, बार्कलीपेक्षा किंचित जास्तच. म्हणजे चांगला धावणारा खालच्या नंबरवरही मिळत होता.

जायंट्सनी पुढच्या फळीकडे दुर्लक्ष केलं असंही नाही. त्याच वर्षी नेट सोल्डर या गड्याशी त्यांनी ४ वर्षांचा ६ कोटी २० लाख डॉलरचा करार केला, दुसऱ्या फेरीत एक गार्डही निवडला. पण ऑक्टोबरमध्येच फळीतला एक जण काढून टाकावा लागला. एक महागडा माणूस आणला म्हणून फळी तयार होत नाही. पाच जणांना एकमेकांची सवय व्हावी लागते, त्याला वेळ लागतो.

आणि रनिंग बॅककडे वेळच नसतो. दर धावेला अंगावर मार बसतो, त्याची उमेदीची वर्षं थोडी. २०१९ मध्ये बार्कलीचा घोटा दुखावला. २०२० मध्ये दुसऱ्याच सामन्यात गुडघ्याचा लिगामेंट फाटला, सीझन संपला. २०१८ ते २०२१ या चार वर्षांत जायंट्सनी १९ सामने जिंकले, ४६ हरले. २०२२ मध्ये नवा कोच आला, बार्कलीही पुन्हा १,३१२ यार्ड धावला आणि टीम प्लेऑफमध्ये पोचली. पण पुढच्याच वर्षी पुन्हा घसरण झाली. बार्कलीची सरासरी ३.९ वर आली. २०२४ मध्ये जायंट्सनी त्याला जाऊ दिलं.

माणूस तोच, घर दुसरं

तो गेला कुठे? शंभर मैलांच्या अंतरावर, कट्टर प्रतिस्पर्धी फिलाडेल्फिया ईगल्सकडे. तीन वर्षांसाठी ३ कोटी ७७ लाख ५० हजार डॉलर. वय २७, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. आणि त्या सीझनमध्ये तो ३४५ धावांत २,००५ यार्ड धावला! धावेमागे ५.८ यार्ड. एका सीझनमध्ये दोन हजारांचा टप्पा त्याच्या आधी फक्त आठ जणांनी गाठला होता.

पाय तेच होते. बदलली होती पुढची फळी. त्या फळीतला लेन जॉन्सन २०१३ पासून ईगल्सकडे होता. डाव्या टोकाचा जॉर्डन मायलाटा तर मूळचा ऑस्ट्रेलियाचा रग्बी लीग खेळाडू. अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना न खेळलेल्या या माणसाला ईगल्सनी २०१८ मध्ये, म्हणजे बार्कलीच्याच वर्षी, २३३ व्या नंबरवर घेतलं आणि कोच जेफ स्टाउटलंड यांच्या हाताखाली वर्षानुवर्षं घडवलं. बार्कली आला तेव्हा वाट तयार होती.

आता शेवटचा आकडा बघा, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. ९ फेब्रुवारी २०२५, बार्कलीचा अठ्ठाविसावा वाढदिवस आणि त्याच दिवशी सुपर बोलचा अंतिम सामना. प्रतिस्पर्ध्यांनी सगळी ताकद त्याला अडवण्यात लावली. तो २५ वेळा धावला, यार्ड मिळाले फक्त ५७. सरासरी २.३. पण प्रतिस्पर्धी त्याच्यामागे लागले आणि बाकीच्यांना मोकळं रान मिळालं. ईगल्स ४०-२२ असे जिंकले.

पहिल्या सामन्यात १०६ यार्ड, टीम हरली. सगळ्यात मोठ्या सामन्यात ५७ यार्ड, टीम चॅम्पियन. नुसता त्याचा आकडा बघून पारख केली असती तर दोन्ही वेळा फसलो असतो.

आता तुमचं काम

या आठवड्यात तुमच्या नव्या माणसाबद्दल निर्णय घ्यायच्या आधी एवढं करा:

- त्याचे गेले ३० दिवस एकेक करून लिहा. सगळ्यात मोठा दिवस काढून टाका, मग सरासरी काढा.
- तो करतो त्यातली कोणती कामं मुळात दुसऱ्या कुणाची, किंवा तुमची, आहेत त्यावर खूण करा.
- वर सांगितलेले दोन रकाने भरा. डावा रकाना चांगला असेल तर माणसाला हात लावू नका.
- उजव्या रकान्यातली सगळ्यात खराब गोष्ट निवडा. पुढचे मोकळे पैसे तिथे लावा, अजून एक माणूस घेण्यात नको.
- अजून कुणालाच ठेवलं नसेल, तर आधी उजवा रकाना भरा. दर, माल, हिशोब, वेळ. मगच माणूस शोधा.

आणि डावा रकानाच खराब निघाला तर? मग मन घट्ट करून बोला, महिन्याची मुदत द्या, आणि तरी फरक पडला नाही तर थांबवा. पण ते कळायला आधी वाट मोकळी करून द्यावी लागते. नाहीतर चांगला पोरगा तुमच्याकडे तीन वर्षं भिंतीवर डोकं आपटेल आणि चौथ्या वर्षी शेजारच्या दुकानात जाऊन दुप्पट धंदा करेल. तेव्हा लोक तुम्हालाच विचारतील, "हा तर तुमच्याकडेच होता ना?"

वही काढा, आजच रकाने आखा. भेटू पुढच्या व्हिडिओत!