उजेडाखालची काळी फट

संपादकांनी चिपनिर्मितीवर लेख मागितला, तेव्हा डोळ्यांपुढे कारखाने आणि कोटींचे आकडे होते. पण प्रयोगशाळेतल्या एका पोलादी पात्राच्या काचेला डोळा लावला आणि विषय तिथेच ठरला. आत समोरासमोर धातूच्या दोन तबकड्या, मध्ये काही सेंटिमीटरची जागा आणि त्या जागेत आर्गॉनचा जांभळट-गुलाबी उजेड. तो उजेड तबकडीला टेकत मात्र नव्हता. मधे एक काळी फट होती. संशोधक तिला ‘शीथ’ म्हणतात. चिपवरचं सूक्ष्म कोरीवकाम या फटीच्या जोरावर चालतं.

अशा विद्युतभारित कणांच्या वायूला ‘प्लाझ्मा’ हे नाव १९२८ मध्ये अर्विंग लँगम्युर यांनी दिलं. कोरणाऱ्या यंत्रांत तबकड्यांना दिल्या जाणाऱ्या विद्युत लहरीसाठी पुढे १३.५६ मेगाहर्ट्झ ही वारंवारता रुळली. १९९२ मध्ये जपानमधल्या तादाहिरो ओमी यांच्या गटाने एकाच पात्राला दोन वारंवारता देणारं यंत्र मांडलं.

मी मात्र फटीपाशीच रेंगाळलो. इलेक्ट्रॉनच्या मानाने आर्गॉनचा आयन सुमारे ७३ हजार पट जड. चपळ इलेक्ट्रॉन आधी निसटून तबकडीवर जातात, जड धन आयन मागे राहतात. तबकडीजवळ इलेक्ट्रॉन विरळ, म्हणून तिथे उजेड नाही; आणि बहुतेक सगळं व्होल्टेज त्याच फटीवर एकवटतं. तिच्या काठाशी आलेला आयन तबकडीकडे खेचला जातो. पात्रातला दाब १० मिलिटॉर असेल, तर तो हवेच्या दाबाचा सुमारे ७६ हजारावा भाग झाला. इतक्या विरळ वायूत आयनाला वाटेत क्वचितच कोणी आडवं येतं. तबकडीवर ठेवलेल्या सिलिकॉनच्या चकतीवर तो काटकोनात आदळतो आणि विहीर खणावी तसं उभं, सरळ भोक पाडतो.

इलेक्ट्रॉनची गोष्ट याहून विलक्षण आहे. फटीचा काठ लहरीबरोबर सतत पुढेमागे होतो. पुढे सरसावणारा काठ दांडूने विटी टोलवावी तसा इलेक्ट्रॉनला टोलवतो. विरळ वायूत तो इलेक्ट्रॉन टक्कर न होता काही सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ समोरच्या तबकडीपर्यंत जातो. तिथला काठ त्या क्षणी पुढे येत असेल तर त्याची ऊर्जा वाढते, मागे हटत असेल तर घटते. ऊर्जा मिळते एका जागी आणि खर्ची पडते भलत्याच जागी.

आता दोन वारंवारतांचं प्रयोजन कळतं. ६० मेगाहर्ट्झच्या लहरीने इलेक्ट्रॉन तापतात आणि आयनांची संख्या वाढते. जड आयनांना तो वेग झेपत नाही. त्यांना फक्त सरासरी ओढ जाणवते. २ मेगाहर्ट्झची संथ लहर मोठं व्होल्टेज देऊन आयनांच्या आघाताचा जोर ठरवते. किती आयन पडावेत याचं एक बटण, किती जोराने पडावेत याचं दुसरं, असं या यंत्राचं आश्वासन.

ते अर्धंच खरं ठरलं. संथ लहरीचं व्होल्टेज वाढवलं की फट रुंदावते आणि उजेडाचा भाग आक्रसतो. जलद लहर त्याच हलत्या काठावर स्वार असते, त्यामुळे तिचंही काम बदलतं. जोराचं बटण फिरवावं, तर संख्याही हलते. शिवाय जोरात आदळलेले आयन तबकडीतून नवे इलेक्ट्रॉन उडवतात, ते फटीतून वेगाने प्लाझ्मात घुसतात. डब्लिनचे माइल्स टर्नर आणि फ्रान्सचे पास्कल शाबेर यांनी २००६ मध्ये दाखवलं, की काठाच्या टोल्यांतून टकरांविना मिळणारी ऊर्जा दोन लहरी एकत्र असताना दोघींच्या स्वतंत्र परिणामांच्या बेरजेहून कितीतरी जास्त भरते. वारंवारता वाढवत नेली तर तिसरीच अडचण येते. प्लाझ्मात लहरीची लांबी आखूड होते आणि ३०० मिलिमीटरच्या चकतीच्या मध्याला व कडेला सारखं कोरीवकाम होत नाही. २००८ मध्ये जर्मनीतल्या बोखुमच्या संशोधकांनी एक लहर आणि तिच्या दुप्पट वारंवारतेची दुसरी घेऊन, त्यांच्यातला कलाभेद, म्हणजे चढउतारांमधलं अंतर, बदलून आयनांचा जोर आवरण्याची वाट सुचवली. पण गुंता पुरता सुटलेला नाही.

गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेतही कमी दाबाच्या अशा प्लाझ्माच्या संगणकी प्रतिकृतींवर काम चालतं. चिपचे कारखाने उभारायचे तर इमारतींइतकीच गरज ही फट समजणाऱ्या माणसांची आहे. भौतिकशास्त्र शिकणाऱ्या मराठी मुलामुलींनी या विषयाकडे वळावं. यंत्र विकत आणता येतं. त्याची दोन बटणं एकमेकांत का गुंततात, ही समज इथेच घडवावी लागेल.